हिंदूराव वाडा (दिल्ली)

हिंदूराव वाडा : दिल्लीच्या उत्तर भागातील 'रिज' या टेकडीधारेवरचे एकोणिसाव्या शतकातील निवासस्थान. इंग्रजी साधनांत 'हिंदूराव हाऊस'. सदर बाजाराजवळची 'बाडा हिंदूराव' ही वस्ती वेगळी.

मालक : बांधकाम सु. १८३०. ते रेसिडेंट सर एडवर्ड कोलब्रुकने केले, असे काही लेखक मानतात. इतर त्याचे श्रेय इंग्रज अधिकारी विल्यम फ्रेझरला देतात. कोलब्रुक १८२९ मध्ये लाचखोरीच्या प्रकरणात पदच्युत झाला. फ्रेझरवर २२ मार्च १८३५ रोजी संध्याकाळी घोड्यावरून घरी परतताना गोळी झाडण्यात आली. मारेकरी करीमखान व सूत्रधार, फिरोजपूर झिरक्याचा नबाब शमसुद्दीनखान यांना फाशी झाली. पुढे वाडा हिंदूराव घाटगे यांनी घेतला.

हिंदूराव : कागलकर सखाराम ऊर्फ सर्जेराव घाटगे यांचे पुत्र, दौलतराव शिंदे यांच्या पत्नी बायजाबाई यांचे बंधू. बायजाबाईंना १८३३ मध्ये ग्वाल्हेर सोडावे लागले. हिंदूराव दिल्लीत राहिले. निधन १८५७ पूर्वी.

अशोकस्तंभ : वाड्याच्या इतिहासातील एक महत्त्वाचा भाग. फिरोजशाह तुघलकाने चौदाव्या शतकात मेरठहून आणून रिजवर उभारलेला हा स्तंभ फर्रुखसियरच्या कारकीर्दीत (१७१३–१९) दारूच्या स्फोटाने कोसळला व त्याचे पाच तुकडे झाले. ते हिंदूरावांच्या आवारात पडून होते. त्यांनी ते कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीला दिले. अवजड दगड नेणे कठीण, म्हणून ब्राह्मी लेखाचा भाग तेवढा करवतून कलकत्त्यास धाडला. तो परत आणून १८६७ मध्ये सर्व तुकडे जोडले व स्तंभ पुन्हा उभा केला. सांधे आजही दिसतात.

१८५७ चा उठाव : बदली की सरायच्या लढाईनंतर (८ जून) इंग्रजांनी रिज ताब्यात घेतली. वाडा हे त्यांच्या उजव्या बगलेचे मुख्य ठाणे होते. मेजर चार्ल्स रीडच्या सिरमूर पलटणीतील गुरख्यांनी ते सप्टेंबरपर्यंत राखले. ४९० पैकी ३२७ जण ठार वा जखमी झाले. तोफगोळ्यांनी खिळखिळ्या झालेल्या इमारतीचे छायाचित्र फेलिचे बेआतोने १८५८ मध्ये टिपले.

नंतर : गोऱ्या सैनिकांचे आरोग्यधाम.

सध्या : दिल्ली महानगरपालिकेचे हिंदूराव रुग्णालय, वैद्यकीय महाविद्यालय २०१३ पासून. कागलच्या घाटग्यांची दिल्लीतील खूण म्हणजे रुग्णालयाचे व 'बाडा हिंदूराव' वस्तीचे नाव.