व्हायरस नक्की कुणाचा?

गेल्या रविवारी हिरवा हरभरा सोलत बसलो होतो. एका घाट्यातून हिरवीगार घाटेअळी निघाली. आई म्हणाली, "फेक ती बाहेर." फेकली, आणि सवयीप्रमाणे नेटवर शोधत बसलो. (बाकीचा हरभरा आईनेच सोलला, हे सांगणे न लगे.) तिथे कळलं की आपल्या शेतांत या अळीच्या अंगात अंडी घालणारी, गांधीलमाशीच्या गोतातली एक छोटी माशी असते: कॅम्पोलेटिस क्लोरिडी. तिच्याबद्दल वाचता वाचता तिच्या अमेरिकेतल्या बहिणीच्या गोष्टीत शिरलो आणि रात्रीचा एक वाजला.

मूळ कोडं असं. अळी काही अगदीच बिचारी नसते. तिच्या रक्तात रक्षक पेशी असतात. अंगात परकं काही घुसलं की एका जातीच्या पेशी आधी जाऊन चिकटतात, मग दुसऱ्या जातीच्या पेशी चपट्या होऊन त्यावर थरावर थर चढवतात. आतला पाहुणा संपला! मग माशीचं अंडं वाचतं कसं?

१९६० च्या दशकात केंब्रिजचे जॉर्ज सॉल्ट याच्या मागे लागले. त्यांची माशी वेगळी, पिठात वाढणाऱ्या पतंगाच्या अळीवर जगणारी. तिच्या अंडाशयातून थेट काढलेलं अंडं अळीत घातलं, तर पेशी त्याला गुंडाळून टाकत. पण तेच अंडं अंडनलिकेच्या सुरुवातीच्या फुगीर भागातून, म्हणजे कॅलिक्समधून, गेलेलं असेल तर कोणी हात लावत नसे. १९६७ साली रॉदरम यांना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली अशा अंड्यावर बारीक कण दिसले. पुढे इतर माश्यांच्या कॅलिक्समध्येही व्हायरससारखे कण सापडू लागले.

झालं, गुन्हेगार सापडला! असं मी तरी म्हणालो असतो. एकदा सर्व्हर सारखा पडत होता आणि लॉगमध्ये एक अनोळखी ओळ दिसत होती. मी दोन दिवस त्याच मोड्यूलच्या मागे. शेवटी ती ओळ गेली, सर्व्हर मात्र पडतच राहिला. टीमसमोर जी शोभा झाली ती वेगळीच.

शास्त्रज्ञ एवढे उतावळे नव्हते. १९८१ साली एडसन, विन्सन, स्टोल्ट्झ आणि समर्स यांचा शोधनिबंध 'सायन्स'मध्ये आला. माशी कॅम्पोलेटिस सोनोरेन्सिस, अळी तंबाखूच्या पिकावरची. धुतलेली अंडी एकटी घातली, तर पेशींनी गुंडाळली. सोबत शुद्ध केलेला व्हायरस दिला, तर वाचली. निकामी केलेला व्हायरस दिला, तर पुन्हा गुंडाळली. बस्स! ती तिसरी ओळ मला फार आवडली. नुसते कण असून भागत नाही, ते चालू असावे लागतात, हे तिथे ठरलं.

व्हायरस पेशींचं नेमकं करतो काय, ते पुढच्या वर्षांत उलगडलं. मायक्रोप्लायटिस डेमोलिटर या दुसऱ्या माशीवर मायकेल स्ट्रँड यांच्या गटाने काम केलं. तिचा व्हायरस अळीच्या पेशींत शिरला की पहिल्या जातीच्या पेशी आत्महत्या करतात आणि दुसऱ्या जातीच्या पेशींची चिकटण्याची ताकदच जाते. फौज काही शिल्लक राहतेही, पण भिंत बांधता येत नाही.

आता खरी गंमत. हा व्हायरस अळीत स्वतःच्या प्रती काढतच नाही! त्या निघतात फक्त माशीच्या कॅलिक्समध्ये. त्याचा डीएनए माशीच्या जीनोममध्येच बसलेला असतो आणि आईकडून, बापाकडून पोरांकडे जातो. २००९ साली फ्रेंच गटाने दाखवलं की मायक्रोप्लायटिसच्या कुळातल्या माश्यांत हे कण बनवणारी जनुकं एका जुन्या न्यूडिव्हायरसची आहेत. साधारण १० कोटी वर्षांपूर्वी तो एका पूर्वज माशीत येऊन राहिला. कण बनवण्याचं मशीन माशीकडेच राहतं, अळीत जाते ती फक्त पुडी. कॅम्पोलेटिसच्या कुळात हाच प्रकार वेगळ्या व्हायरसपासून, स्वतंत्रपणे घडला.

आणि सॉल्ट यांच्या माशीवरचे ते १९६७ चे कण? २०१५ साली त्यांचाही उगम न्यूडिव्हायरसमध्येच निघाला. फक्त त्यांत डीएनएच नाही, नुसती प्रथिनं! म्हणजे पुडी रिकामी करून तिच्यात दुसराच माल भरलेला.

आम्ही इंजिनियर लोक 'व्हायरस' म्हटलं की डिलीटचं बटण शोधतो. पण या माशीतून हा व्हायरस डिलीट केला, तर तिचं पोर अळीच्या पोटातच मरेल. मग हा रोग म्हणायचा की माशीचा अवयव? मी तरी आता अवयवाच्या बाजूला आहे.

असो. आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे ती अळी आधीच दुसऱ्याचं घर झालेली असू शकते?" हो. पुढच्या वेळी फेकण्याआधी नीट बघणार आहे.