नोएसक्यूएल विदागारे

कोष्टकांच्या परस्परसंबंधांवर आधारलेल्या पारंपरिक विदागारांची काही बंधने सोडून, माहिती अनेक संगणकांवर विभागून व तिच्या अनेक प्रती ठेवून, फार मोठ्या प्रमाणावरील वाचन-लेखन अत्यल्प काळात करणारा विदागारांचा एक वर्ग. संगणकात सुव्यवस्थितपणे साठविलेल्या व हवी तेव्हा शोधून काढता येणाऱ्या माहितीच्या संग्रहास विदागार किंवा डेटाबेस म्हणतात. आंतरजालावरील दुकाने, संदेशसेवा, चित्रफितींचे प्रसारण इ. उद्योगांच्या गरजेतून एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या वर्गाचा उदय झाला. त्याचा इतिहास जितका निर्मात्यांच्या कल्पनांचा, तितकाच उपयोगकर्त्यांच्या अनुभवांचा आहे. गतीसाठी विदागाराने जी कामे सोडून दिली, ती नाहीशी झाली नाहीत. ती उपयोगकर्त्यांच्या अंगावर आली, हे या अनुभवांचे सार होय.

पूर्वेतिहास : एडगर फ्रँक कॉड यांनी १९७० मध्ये संबंधात्मक विदागाराची गणिती उपपत्ती मांडली. तिच्या आधारे डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी आयबीएममध्ये १९७४ मध्ये मांडलेली भाषा पुढे एसक्यूएल या नावाने सर्वत्र रूढ झाली. या विदागारांचा मुख्य गुण म्हणजे व्यवहाराची अखंडता. बँकेतील एका खात्यातून वजा झालेली रक्कम दुसऱ्या खात्यात जमा झालीच पाहिजे. दोन्ही क्रिया पुऱ्या होतील, नाहीतर एकही होणार नाही, अशी हमी विदागार स्वतः देते. माहिती एका मोठ्या संगणकावर मावत होती, तोवर ही हमी निभावणे फारसे कठीण नव्हते. आंतरजालाच्या प्रसारानंतर मात्र एकेका सेवेचे ग्राहक कोटींच्या घरात गेले आणि एकच संगणक मोठा करीत जाण्याचा मार्ग खर्चिक व अपुरा ठरू लागला.

कॅलिफोर्निया विद्यापीठातील (बर्कली) एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये असे अनुमान मांडले की, अनेक संगणकांवर विभागलेल्या व्यवस्थेला सुसंगती, उपलब्धता व विच्छेदसहत्व हे तीनही गुण एकाच वेळी पूर्णपणे साधता येत नाहीत. संगणकांमधील दुवा तुटला असता व्यवस्थेने एकतर उत्तर नाकारावे, नाहीतर जुने ठरलेले उत्तर देण्याचा धोका पत्करावा, असा याचा व्यावहारिक अर्थ. सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी २००२ मध्ये या अनुमानाची औपचारिक सिद्धता दिली. नोएसक्यूएल वर्गातील अनेक विदागारांनी सुसंगतीपेक्षा उपलब्धतेला अग्रक्रम दिला. हे नाव कार्लो स्ट्रॉझी यांनी १९९८ मध्ये वेगळ्या अर्थाने वापरले होते. सॅन फ्रॅन्सिस्को येथे जून २००९ मध्ये भरलेल्या अभियंत्यांच्या बैठकीपासून ते आजच्या अर्थाने रूढ झाले.

रचना : या विदागारांचे दोन मूळ नमुने म्हणजे गूगलने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेले बिगटेबल व ॲमेझॉनने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेले डायनॅमो हे होत. डायनॅमोमध्ये सर्व संगणक एका काल्पनिक वर्तुळावर मांडलेले असतात. प्रत्येक नोंदीच्या ओळखखुणेवर एक गणिती फलन लावून तिचे वर्तुळावरील स्थान ठरते व त्यापुढील काही संगणकांवर तिच्या प्रती ठेवल्या जातात. सामान्यतः ३ प्रती ठेवून, लिहिताना व वाचताना किमान २ संगणकांचे उत्तर घेतले जाते. त्यामुळे वाचलेल्या प्रतींपैकी निदान एक प्रत सामान्यतः अद्ययावत असते. मुख्य संगणक असा कोणीच नसल्याने एखादा बंद पडला, तरी काम चालू राहते.

बिगटेबलपासून घेतलेली लेखनपद्धती पुढील अनुभव समजण्यासाठी महत्त्वाची आहे. नवी नोंद प्रथम रोजनाम्यात व संगणकाच्या स्मृतीत जाते. नंतर अशा नोंदी क्रमवार लावून धारिकांच्या रूपाने चकतीवर ठेवल्या जातात. एकदा लिहिलेली धारिका बदलत नाहीत; मधूनमधून अनेक धारिका एकत्र करून त्यांतील कालबाह्य नोंदी गाळल्या जातात. म्हणून लेखन फार जलद होते. वाचनाला मात्र अनेक धारिका धुंडाळाव्या लागतात. नोंद पुसली, तरी ती लगेच नष्ट होत नाही. ती पुसल्याची खूण तेवढी लिहिली जाते. या खुणेला अभियंत्यांच्या भाषेत ‘थडगे’ असे नाव आहे.

आरंभीचे उपयोगकर्ते : ॲमेझॉनला २००४ च्या नाताळच्या खरेदीच्या हंगामात आपल्या विदागारांच्या मर्यादा जाणवल्या आणि त्यातून डायनॅमोचा जन्म झाला. ग्राहकाची खरेदीची टोपली कधीही उघडता आली पाहिजे, हा तेथील आग्रह होता. एकाच टोपलीच्या दोन आवृत्त्या निर्माण झाल्यास त्या एकत्र केल्या जात. त्यामुळे टाकलेली वस्तू हरवत नसे. परंतु काढून टाकलेली वस्तू क्वचित पुन्हा प्रकट होई. व्यापाऱ्याला हा दोष चालण्यासारखा होता. २४ तासांच्या एका पाहणीत ९९.९४ टक्के विनंत्यांना टोपलीची एकच आवृत्ती मिळाली. आवृत्त्यांचा मेळ घालण्याचे काम मात्र विदागाराकडून कार्यक्रम लिहिणाऱ्या अभियंत्याकडे गेले.

डायनॅमोच्या कर्त्यांनी मोजमापाची एक नवी रीतही रूढ केली. सरासरी वेळ न पाहता, १,००० पैकी ९९९ विनंत्या किती वेळात पुऱ्या होतात हे ते पाहत. एका पानासाठी शंभराहून अधिक अंतर्गत विनंत्या कराव्या लागत असतील, तर त्यांतील सर्वांत मंद विनंतीच ग्राहकाचा अनुभव ठरविते. पुढील काळात या विदागारांच्या गुणदोषांची चर्चा प्रायः याच मापाने झाली.

डायनॅमोच्या कर्त्यांपैकी एक, अविनाश लक्ष्मण, यांनी प्रशांत मलिक यांच्यासह फेसबुकमध्ये कॅसँड्रा हे विदागार रचले. ग्राहकांच्या पत्रपेटीतील शोधासाठी ते जून २००८ मध्ये वापरात आले व त्याच वर्षी मुक्त स्रोत म्हणून प्रसिद्ध झाले. डायनॅमोची वितरणपद्धती व बिगटेबलची साठवणपद्धती यांचा त्यात मेळ आहे. अपाची प्रतिष्ठानचा स्वतंत्र प्रकल्प म्हणून २०१० मध्ये त्याला मान्यता मिळाली. त्याच वर्षी फेसबुकने आपल्या नव्या संदेशसेवेसाठी कॅसँड्राऐवजी एचबेसची निवड केली. प्रतींमध्ये कालांतराने येणारी सुसंगती त्या सेवेच्या रचनेशी जुळविणे अवघड जाते, असे कारण तेथील अभियंत्यांनी दिले. ट्विटरनेही जुलै २०१० मध्ये आपले मुख्य संदेश कॅसँड्रात हलविण्याचा बेत लांबणीवर टाकला.

याच्या उलट अनुभव नेटफ्लिक्सचा आहे. ऑगस्ट २००८ मध्ये विदागार बिघडल्यामुळे या कंपनीला ३ दिवस ग्राहकांना चकत्या पाठविता आल्या नाहीत. एकाच केंद्रीय संगणकावर अवलंबून राहण्याचा धोका त्यातून तिला उमगला. तिने भाड्याच्या संगणकांवर कॅसँड्रा उभारले आणि २०११ मध्ये २८८ संगणकांच्या समूहावर सेकंदास सु. ११ लाख लेखनविनंत्या पुऱ्या करून दाखविल्या. संगणकांची संख्या वाढविली की क्षमता त्याच प्रमाणात वाढते, हे या प्रयोगाने स्पष्ट झाले.

क्षमतेचे हे गणित माहितीची विभागणी समतोल असेल, तरच खरे ठरते. मोंगोडीबी हे याच वर्गातील, दस्तऐवजांच्या रूपाने माहिती साठविणारे विदागार फोरस्क्वेअर ही सेवा वापरीत असे. तिची माहिती दोन संगणकांवर विभागलेली होती. एका भागाची वाढ अधिक झाली व ती त्या संगणकाच्या सु. ६६ गिगाबाइट स्मृतीबाहेर गेली. परिणामी ऑक्टोबर २०१० मध्ये ही सेवा सु. ११ तास बंद पडली. तिसरा संगणक जोडूनही लगेच उतार पडला नाही; कारण हलविलेल्या नोंदींच्या रिकाम्या जागा स्मृतीत विखुरलेल्याच राहिल्या. संगणक जोडावयाचे ते भरण्यापूर्वी, हा धडा त्यातून मिळाला.

डिस्कॉर्डचा अनुभव : या वर्गातील विदागारांविषयीचा सर्वांत तपशीलवार अनुभव डिस्कॉर्ड या संदेशसेवेच्या अभियंत्यांनी २०१७ व २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. २०१५ च्या आरंभी ही सेवा मोंगोडीबीवर उभी राहिली. त्या वर्षाच्या नोव्हेंबरपर्यंत संदेशांची संख्या १० कोटी झाली. माहिती स्मृतीत मावेनाशी झाली व प्रतिसादकाल अनिश्चित बनला. म्हणून कॅसँड्राची निवड करण्यात आली. प्रत्येक वाहिनीचे संदेश सु. १० दिवसांच्या कप्प्यांत विभागण्याची योजना अभियंत्यांना स्वतः करावी लागली.

दोन अडचणी लौकरच उद्‌भवल्या. एकाने संदेश दुरुस्त करावा व त्याच क्षणी दुसऱ्याने तो पुसावा, असे घडल्यास लेखकाचे नाव नसलेली अर्धवट नोंद मागे राही. कारण कॅसँड्रात अस्तित्वात नसलेल्या नोंदीची दुरुस्ती म्हणजे नवी नोंदच होय. दुसरी अडचण थडग्यांची. एका वाहिनीत पुसून पुसून एकच संदेश उरला होता. परंतु तो शोधताना लक्षावधी थडगी ओलांडावी लागत. कॅसँड्रा जावा भाषेत लिहिलेले आहे. ही भाषा स्मृतीतील निरुपयोगी भाग मधूनमधून झाडून काढते व त्या वेळी काम थांबते. या वाहिनीमुळे असे थांबणे १० सेकंदांपर्यंत लांबले. थडग्यांचे आयुष्य १० दिवसांवरून २ दिवसांवर आणून व रिकामे कप्पे वगळून अभियंत्यांनी मार्ग काढला.

२०१७ मध्ये १२ संगणकांचा असलेला हा समूह २०२२ च्या आरंभी १७७ संगणकांचा झाला व साठविलेले संदेश लक्ष कोटींच्या पुढे गेले. लोकप्रिय वाहिनीत एखादी घोषणा झाली की, असंख्य लोक तोच भाग एकदम मागत. तो भाग सांभाळणारे संगणक दबून जात व त्याचा ताप संपूर्ण समूहाला होई. मागे पडलेला संगणक काही काळ बाजूला काढून त्याच्या धारिका एकत्र होऊ द्यावयाच्या व मग त्यास परत आणावयाचे, हे अभियंत्यांचे नित्याचे काम बनले.

या सुमारास सिलाडीबी हा पर्याय उपलब्ध होता. केव्हीएम या प्रणालीशी निगडित असलेले आवी किविटी व डोर लाओर यांनी २०१५ मध्ये ते प्रसिद्ध केले. कॅसँड्राशी सुसंगत, परंतु सी प्लस प्लस भाषेत लिहिलेल्या या विदागारात प्रक्रियकाच्या प्रत्येक गाभ्याकडे माहितीचा स्वतंत्र भाग सोपविलेला असतो आणि जावातील स्मृतिसफाईचा प्रश्न उद्‌भवत नाही. उलट क्रमाने संदेश वाचण्याची त्यातील क्रिया प्रथम मंद होती. डिस्कॉर्डच्या गरजेनुसार निर्मात्यांनी तिच्यात सुधारणा केली. स्थलांतरास ३ महिने लागतील असा अंदाज होता. अभियंत्यांनी त्यासाठी रस्ट भाषेत नवे साधन लिहिले व सेकंदास ३२ लाख संदेशांपर्यंतच्या वेगाने ते काम ९ दिवसांत पुरे केले. मे २०२२ मध्ये नवे विदागार मुख्य झाले. ७२ संगणक पुरेसे ठरले. शंभरांतील ९९ वाचने जेथे पूर्वी ४० ते १२५ मिलिसेकंदांत होत, तेथे ती १५ मिलिसेकंदांत होऊ लागली. या यशाचे श्रेय एकट्या विदागाराचे नव्हे. एकाच संदेशासाठी एकाच वेळी आलेल्या अनेक विनंत्या एकत्र करून विदागाराकडे एकदाच जाणारा मधला स्तरही डिस्कॉर्डने उभारला होता व नवे संगणक अधिक साठवणक्षमतेचे होते.

भारतातील उपयोग : स्टार इंडिया या मुंबईस्थित कंपनीने २०१५ मध्ये सुरू केलेल्या हॉटस्टार या प्रसारणसेवेवर जुलै २०१९ मधील भारत-न्यूझीलंड विश्वचषक उपांत्य सामना एका वेळी २.५३ कोटी प्रेक्षकांनी पाहिला. प्रेक्षकाने चित्रपट कोठे थांबविला हे लक्षात ठेवून तेथूनच तो पुढे दाखविण्याची सोय या सेवेत आहे. तिची माहिती प्रथम रेडिस व इलॅस्टिकसर्च या दोन व्यवस्थांत ठेवली जाई. दोन्ही ठिकाणची माहिती जुळती ठेवण्याचा भार टाळण्यासाठी ती सिलाडीबीत एकत्र करण्यात आल्याचे तेथील अभियंत्यांनी २०२१ मध्ये सांगितले.

मूल्यमापन : उपयोगकर्त्यांच्या अशा वृत्तांतांना मर्यादा आहेत. यशाचे वृत्तांत निर्मात्यांच्या संमेलनांतून प्रसिद्ध होतात. अपयशाचे बहुधा होत नाहीत. जुन्या व नव्या व्यवस्थांची तुलनाही क्वचितच समान यंत्रांवर होते. यामुळे स्वतंत्र परीक्षणाला महत्त्व आले. काइल किंग्जबरी यांनी २०१३ पासून जेप्सन या साधनाने अनेक विदागारांतील संगणकांचे दुवे मुद्दाम तोडून त्यांची परीक्षा घेतली. अनेकांची जाहीर हमी व प्रत्यक्ष वर्तन यांत तफावत आढळली आणि त्यांतील पुष्कळ दोष पुढे दूर झाले. सिलाडीबीचीही २०२० मध्ये अशी परीक्षा झाली.

अनुभवांच्या रेट्याने या विदागारांची दिशाही बदलली. कॅसँड्राने २०११ मध्ये एसक्यूएलसारखी भाषा स्वीकारली. गूगलने २०१२ मध्ये वर्णन केलेल्या स्पॅनर या विदागाराने जगभर विखुरलेल्या माहितीवरही अखंड व्यवहार शक्य असल्याचे दाखविले. मोंगोडीबी व ॲमेझॉनचे डायनॅमोडीबी यांनी २०१८ मध्ये अनेक नोंदींवरील अखंड व्यवहारांची सोय दिली. सोडून दिलेले गुण अशा रीतीने एकेक करून परत आले. मात्र त्यांची किंमत अधिक प्रतिसादकालाच्या रूपाने मोजावी लागते. कोणती माहिती क्षणभर जुनी मिळाली तरी चालेल व कोणती मुळीच चालणार नाही, हा निर्णय कोणतेही विदागार उपयोगकर्त्यासाठी घेत नाही. खरेदीच्या टोपलीला जे चालते, ते बँकेच्या खात्याला चालत नाही. हा विवेक ज्यांनी आरंभीच केला, त्यांना या विदागारांची गती लाभदायक ठरली; इतरांना तो अडचणीत आल्यानंतर करावा लागला.