वैद्यक सुटले, नजर राहिली

केशवराव भोळे मुंबईस आले ते डॉक्टर होण्यासाठी. झाले मात्र संगीतकार. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकास त्यांनी संगीत दिले आणि लांबलचक तानांऐवजी रंगभूमीवर मोजकी, भावानुकूल पदे आली. १९३६ च्या ‘संत तुकाराम’ बोलपटातील शांताराम आठवल्यांचे एक पद तर पुष्कळांना तुकोबांचाच अभंग वाटले. पुढे ते आकाशवाणीवर गेले. ‘एकलव्य’ या नावाने त्यांनी गवयांच्या गायकीची चिकित्सा केली. वैद्यक सुटले, पण वैद्याची नजर सुटली नाही. आपल्या जेऊरच्या मुलाने नेमून दिलेली वाट सोडली, की आपण हळहळतो. जाताना त्याने बरोबर काय नेले, हेही आपण पाहावे, असे आम्हांस वाटते.