पुलाचा पैसा कुठून येतो?



खालापूरहून बोरघाट चढताना पूर्वी एक दगडी पूल लागायचा, अमृतांजन पूल. मुंबई-पुणे रस्त्यासाठी इंग्रजांनी तो १८३० साली बांधला. बामच्या जाहिरातीच्या फलकावरून त्याला हे नाव पडलं. त्याच्या खांबांपाशी द्रुतगती मार्गावरच्या गाड्या खोळंबत. म्हणून एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना, तो पाडला. कुणाला इजा झाली नाही.

आपल्याच जिल्ह्यात महाडला मात्र असं झालं नाही. सावित्री नदीवरचा दगडी पूल १९२८ चा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, पुरात, तो कोसळला. दोन एसटी बस आणि एक चारचाकी वाहून गेली. चाळीसच्या आसपास माणसं गेली. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची तपासणी झाली होती. पण पाण्याखाली पायाजवळची माती-दगड किती वाहून गेलेत, हे वरून बघून कळत नाही.

मग सरकार हललं. ऑक्टोबर २०१६ मध्ये देशभरातल्या पुलांची नोंद ठेवणारी व्यवस्था सुरू झाली. सावित्रीवर नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये खुला झाला. म्हणजे पैसा होता, माणसं होती आणि कामाचं ज्ञानही होतं.

हा पैसा येतो कुठून? त्याचीही गोष्ट १९२८ ची, आणि मराठी माणसाची. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या समितीने त्या वर्षी अहवाल दिला: पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जास्त घ्या आणि ते रस्त्यांसाठीच वेगळे ठेवा. १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. २००० च्या कायद्याने पेट्रोलबरोबर डिझेलवरचा उपकरही या निधीत आला. आपली भाजी टेम्पोतून बाजारात जाते, तेव्हा भाड्यातून आपणही त्यात भर घालतो.

एक गोष्ट अजून. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप जुन्या बायांना आठवतो. अशा हादऱ्यात पुलाची तुळई खांबावरून सरकते. म्हणून खांबाच्या माथ्यावर अडसर बसवतात, बसायची जागा रुंद करतात. पूल पडल्यावर नवा बांधण्यापेक्षा हे काम स्वस्त. पण त्याचं उद्घाटन होत नाही, फीत कापली जात नाही, म्हणून ते मागे पडतं.

आपल्या गटात आम्ही अडीअडचणीचा पैसा आधीच बाजूला काढतो. गावच्या पुलासाठीही तेच मागू. येत्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारू या: आपला पूल किंवा साकव कोणत्या खात्याचा? शेवटची तपासणी कधी झाली, पाया पाहिला का? दुरुस्तीला यंदा किती रक्कम ठेवली? उत्तर लेखी मागू. पावसाळ्याआधी.