पावातली साखर डोळ्यांत कशी पोहोचली?

विरार लोकलमध्ये तासभर मोबाईल, घरी आल्यावर एडिटिंग. महिनाभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत होतं. डॉक्टर म्हणाले, "डोळे कोरडे पडलेत. स्क्रीन बघताना आपण पापण्या कमी मिटतो." त्यांनी थेंब लिहून दिले. बाटलीवर नाव होतं ट्रेहलोज. शोधलं तर ती निघाली चक्क साखर!

आई लगेच म्हणाली, "अरे, मग मधच घाल की!" थांबा, त्याच्याकडे येतोच.

आपली वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती. 'पाव' हा शब्दही त्यांचाच. आज बेकरीत ड्राय यीस्ट वापरतात ना, तिचे दाणे खडखडीत वाळलेले, तरी कोमट पाण्यात पडले की जिवंत! त्यामागे मोठा हात आहे ट्रेहलोजचा. पेशीतलं पाणी आटतं, तेव्हा ही साखर पाण्याची जागा धरते आणि पेशीचं आवरण कोसळू देत नाही.

१८३२ मध्ये विगर्स या जर्मन संशोधकाला ती राय धान्यावरच्या बुरशीत सापडली. १८५९ मध्ये फ्रान्सच्या बर्थेलोने ती 'ट्रेहाला' नावाच्या गोड कोशातून वेगळी काढली. हा कोश एक सोंडकिडा बांधतो. नाव पडलं तिथूनच.

पुढे शतकभराहून जास्त काळ ही साखर महागच राहिली. मग १९९४-९५ च्या सुमारास जपानच्या ओकायामातल्या हायाशिबारा कंपनीने ती साध्या स्टार्चपासून बनवली आणि भाव धाडकन खाली आला. त्याच शहरातल्या विद्यापीठातले नेत्रतज्ज्ञ तोशिहिको मात्सुओ यांनी २००१ मध्ये दाखवलं, की ट्रेहलोज असेल तर बुबुळाच्या पेशी सुकवल्या तरी कमी मरतात. पुढच्याच वर्षी रुग्णांवर थेंबांचे निकाल आले. सलाइनपेक्षा आराम जास्त होता.

आता आईचा प्रश्न. मध काय, साखरेचं पाणी काय, डोळ्यात घालायचं नाही! साखर-साखरेत फरक असतो. शिवाय थेंब निर्जंतुक असतात, क्षारांचं प्रमाण मोजलेलं असतं. स्वयंपाकघरातल्या मधाने डोळ्याला संसर्ग होऊ शकतो.

आणि थेंब म्हणजे जादू नाही. पेशींना ते आधार देतात, पण कोरडेपणाचं कारण तसंच राहतं. डोळा लाल झाला, दुखला, अंधुक दिसलं, तर सरळ डॉक्टर गाठा.

मी आता नायगाव आलं की मोबाईल खिशात टाकतो. खाडी पूल येईपर्यंत नुसतं बाहेर बघतो. तुम्हीही हा एपिसोड ऐका, स्क्रीन बंद करून!