कचरा-संकलन व श्रमिकांचे आरोग्य

घरोघरचा केर, रद्दी, भंगार व मोडके सामान गोळा करणे, ते निवडून वेगळे करणे व वाहून नेणे या कामांत श्रमिकांना होणाऱ्या इजा व रोग आणि ते टाळण्यासाठी योजिलेले उपाय यांचा हा विषय आहे. नगर-आरोग्याच्या इतिहासात त्याला स्थान मिळण्यास फार विलंब लागला. शहर निरोगी राखावयाचे तर कचरा वेळेवर हलविला पाहिजे, हे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वमान्य झाले. तो हलविणाऱ्याचे हात, डोळे व फुप्फुसे यांचीही काळजी घेतली पाहिजे, ही जाणीव महाराष्ट्रात रुजण्यास त्यानंतर सु. शंभर वर्षे लागली. तिचा विकास पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरात, विशेषतः इंद्रायणीकाठच्या चऱ्होली व मोशी या भागात, बराच स्पष्ट दिसतो.

आळंदीनजीकचे चऱ्होली हे मूळचे शेतीप्रधान गाव. नदीच्या दक्षिणेस चऱ्होली बुद्रुक व उत्तरेस चऱ्होली खुर्द अशी त्याची दोन अंगे आहेत. अशा गावांत घरचा कचरा म्हणजे चुलीतील राख, शेण, पालापाचोळा व भाज्यांची देठे. तो उकिरड्यावर कुजे व खत होऊन शेतात जाई. तांब्यापितळेची फुटकी भांडी मोडीत निघत, जुन्या लुगड्यांच्या वाकळी होत, आणि उरलेल्या कपड्यांच्या बदल्यात बोहारीण भांडे देई. टाकून देण्याजोगे फार थोडे उरत असल्याने ते उचलण्याचा स्वतंत्र धंदा गावात नव्हता. तथापि हे काम निर्धोक होते असे मानणे चुकीचे ठरेल. धनुर्वाताचे जंतू शेणामातीत असतात व उकिरडा उपसताना अनवाणी पायाला झालेली जखम जिवावर बेतू शकत असे. मृत जनावरे ओढणे व मैला उचलणे ही कामे तर जन्मावरून विशिष्ट जातींवर लादलेली होती. विटाळाचे नियम पुष्कळ होते; पण ते सारे काम करवून घेणाऱ्याच्या शुद्धतेसाठी होते, काम करणाऱ्याच्या प्रकृतीसाठी नव्हते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री केर काढून अलक्ष्मीला घराबाहेर घालवितात. उंबऱ्यापलीकडे तो केर कोणाच्या हाती जातो, याविषयी विधी मौन बाळगतो.

घरातील सामान आरोग्याच्या कारणाने सक्तीने बाहेर काढण्याचा पहिला मोठा प्रसंग १८९६–९७ च्या प्लेगच्या साथीत आला. मुंबईत सप्टेंबर १८९६ मध्ये साथ उघडकीस आली व पुढील वर्षाच्या आरंभी ती पुण्यात पसरली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा संमत झाला. पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने गोऱ्या सैनिकांकरवी घरांची झडती सुरू केली. रोग्यांना रुग्णालयात व त्यांच्या सहवासातील माणसांना छावण्यांत हलविणे, कपडे, अंथरुणे व सामान जाळणे, जमिनी उकरणे, भिंतींना चुना देणे आणि जंतुनाशक द्रव शिंपडणे असा हा कार्यक्रम होता. २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. या प्रकरणाची राजकीय बाजू सर्वपरिचित आहे. त्या घरांतील चिंध्या, अंथरुणे व मेलेले उंदीर उचलण्याचे काम ज्यांच्या वाट्याला आले, त्यांचा उल्लेख मात्र इतिहासग्रंथांत क्वचितच आढळतो.

वस्तुतः सर्वाधिक धोका त्यांनाच होता. घाणीतून व दूषित जमिनीतून रोग पसरतो, अशी त्या वेळची समजूत असल्याने सर्व भर जमीन धुण्यावर होता. प्लेगचा प्रसार उंदरांवरील पिसवांमुळे होतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये दाखविले. पण ते मत मान्य होण्यास विसाव्या शतकाचे पहिले दशक उजाडावे लागले. उंदीर मरून थंड पडला की त्याच्या अंगावरील पिसवा नवा आसरा शोधतात, आणि जवळ येणारे पहिले शरीर उचलणाऱ्याचेच असते. मुंबईच्या नगरपालिकेला या माणसांचे महत्त्व निराळ्या कारणाने कळले होते. हलालखोर शहर सोडून गेले तर मुंबई राहण्यायोग्य उरणार नाही, या भीतीमुळे १८९६ च्या अखेरीस सक्तीचे काही उपाय सौम्य करावे लागले. याच काळातील नगरपालिका-कायद्यांत सफाई कामगाराने पूर्वसूचनेविना काम सोडणे हा दंडनीय अपराध ठरविला होता. काम अत्यावश्यक असल्याचे कायद्याने ओळखले होते. त्यापुढे तो गेला नव्हता.

स्वातंत्र्योत्तर काळात मुंबई शासनाने १९४९ मध्ये वि. ना. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या राहणीमानाची चौकशी करणारी समिती नेमली. तिचा अहवाल १९५२ मध्ये सादर झाला. केंद्र शासनाने १९५७ मध्ये नेमलेल्या मलकानी समितीने १९६० मध्ये अहवाल दिला. डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा बंद करावी, हा दोन्ही समित्यांचा मुख्य आग्रह होता. कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धन यांनी सोप्या रचनेच्या संडासांचे प्रयोग केले, त्यांमागेही हीच दृष्टी होती. हाताने मैला साफ करविण्यास बंदी घालणारे कायदे १९९३ व २०१३ मध्ये झाले. या प्रयत्नांचे मोल मोठे आहे. परंतु मैल्याचा प्रश्न इतका भीषण होता की त्याच्या छायेत सुका कचरा हाताळणाऱ्यांचा प्रश्न किरकोळ वाटत राहिला.

दरम्यान कचऱ्याचे स्वरूपच पालटले. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला. पुढील दोन दशकांत औद्योगिक वसाहत विस्तारली. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली. १९९७ मध्ये चऱ्होली, मोशी इ. गावे तिच्या हद्दीत समाविष्ट झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १७ लाखांवर गेली होती. उकिरड्याची जागा कचराकुंडीने व पुढे मोशी येथील सु. ८१ एकरांच्या कचरा डेपोने घेतली. कचऱ्यात काच, प्लॅस्टिक, रंगाचे डबे, विजेरी घट व औषधे यांची भर पडली. हा कचरा वेचणाऱ्यांत १९७२ च्या दुष्काळात सोलापूर व मराठवाड्याकडून आलेली कुटुंबे पुष्कळ होती. दलित, विशेषतः मातंग, समाजातील स्त्रियांचा त्यांत मोठा भरणा होता. डोक्यावर पोते, हातात एखादा लोखंडी आकडा व पायांत जुन्या चपला एवढीच त्यांची साधनसामग्री असे. मालक कोणीच नसल्याने कारखान्यांचा कायदा किंवा कामगार नुकसानभरपाईचा कायदा त्यांना लागू होत नव्हता.

या कामातील इजांत कापण्याच्या जखमा सर्वांत नित्याच्या होत. फुटलेले बल्ब, दाढीची पाती व पत्र्याच्या कडा ओल्या कचऱ्यात दिसत नाहीत. जखम लहान असते, पण ती दिवसभर घाणीत बुडलेली राहते. टोचलेल्या सुईतून यकृतशोथ-ब व क यांचे, तसेच एचआयव्हीचे विषाणू शरीरात जाऊ शकतात. मधुमेही रुग्ण घरीच इन्शुलिन टोचून घेऊ लागल्यापासून सुया केवळ रुग्णालयांच्या कचऱ्यात आढळतात, असे राहिलेले नाही. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत त्याची मोठी साथ आली होती. कुजणाऱ्या कचऱ्यातील बुरशीच्या धुळीमुळे दमा व जुनाट खोकला जडतो. वर्षानुवर्षे ओझे वाहून मान, कंबर व गुडघे निकामी होतात. या त्रासाला अपघात म्हणत नाहीत, म्हणून त्याची नोंदही होत नाही. कुत्र्यांचे चावे, कुंडीजवळील वाहनांचे धक्के व संशयावरून होणारी मारहाण यांचाही कामाच्या धोक्यांत समावेश करणे योग्य ठरेल.

श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या पुण्यातील प्रौढ व निरंतर शिक्षण विभागाने १९९० नंतर या स्त्रियांमध्ये काम सुरू केले. त्यातून १९९३ मध्ये पुण्यात बाबा आढाव यांच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदेत ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना स्थापन झाली. महानगरपालिकेने मान्य केलेले ओळखपत्र ही तिची पहिली महत्त्वाची मिळकत. कागदाच्या त्या तुकड्याचा आरोग्याशी संबंध नाही, असे वरवर वाटते. परंतु चोर समजून हाकलून दिली जाणारी व्यक्ती कुंडीत घाईघाईने हात घालते. हक्काने उभी राहणारी पाहून घालते. पुणे महानगरपालिकेने नोंदणीकृत कचरावेचकांसाठी २००२–०३ मध्ये वैद्यकीय विमा सुरू केला. २००७ मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था नोंदविली गेली आणि २००८ मध्ये तिने महानगरपालिकेशी दारोदार संकलनाचा करार केला.

संरक्षक साधनांपेक्षा या बदलाचे महत्त्व अधिक आहे. कुंडीतील कचरा मिसळलेला, दबलेला व अनोळखी असतो. दाराशी घेतलेला कचरा ताजा असतो, तो कोणत्या घरचा आहे हे ठाऊक असते आणि काच वेगळी ठेवण्यास त्या घराला सांगता येते. हातमोज्यांविषयी मात्र अधिकाऱ्यांची कायम तक्रार असते की, ते दिले तरी वापरले जात नाहीत. ही तक्रार अर्धीच खरी आहे. जाड रबरी मोज्यांत हात घामाने भिजून कातडी सुटते व बोटांची जाण जाते. कचरावेचक तर प्लॅस्टिकची जात स्पर्शावरून व चुरगळल्यावर येणाऱ्या आवाजावरून ओळखतात. पातळ मोजे पहिल्याच दिवशी फाटतात. कामाच्या पद्धतीचा विचार करून बनविलेले साधनच वापरात टिकते.

वापरलेल्या सॅनिटरी नॅपकिनांच्या प्रश्नात हीच बाब वेगळ्या रीतीने पुढे आली. कचरा निवडताना ते उघड्या हातांनी बाजूला काढावे लागत. २०१३ मध्ये ‘स्वच्छ’च्या सदस्यांनी अशा नॅपकिनांच्या पिशव्या उत्पादक कंपन्यांना परत पाठविण्याची मोहीम काढली. पुडीवर लाल ठिपका काढून ती वेगळी देण्याची सूचनाही घरोघर करण्यात आली. देशातील घनकचरा व्यवस्थापनाचे पहिले नियम २००० मध्ये झाले होते. एप्रिल २०१६ च्या नियमांनी ओला, सुका व घरगुती घातक असे वर्गीकरण घरातच करण्याचे बंधन घातले. नॅपकिन उत्पादकाने दिलेल्या वा अन्य योग्य वेष्टनात गुंडाळून द्यावा, आणि कामगारांना गणवेश, चमकणारे जाकीट, हातमोजे, रेनकोट, पादत्राणे व मुखपट्टी पुरवावी, असेही त्यांत नमूद होते. २०२० मधील कोविडच्या साथीत विलगीकरणातील घरांचा जैववैद्यकीय कचरा पिवळ्या पिशवीत स्वतंत्र देण्याची, तर इतर घरांतील मुखपट्ट्या ७२ तास बाजूला ठेवून मगच टाकण्याची मार्गदर्शक सूचना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने केली. १८९७ मध्ये घरात शिरून सामान बाहेर फेकले गेले होते. या वेळी घरानेच ते बांधून द्यावे, अशी अपेक्षा होती. तिचे पालन सर्वत्र सारखे झाले नाही.

मोशी येथे कचऱ्यापासून वीजनिर्मितीचा प्रकल्प ऑगस्ट २०२३ मध्ये सुरू झाला. तथापि भंगाराचा व्यवहार अशा प्रकल्पांच्या बाहेरच होतो. चिखलीतील कुडाळवाडी ही भंगार गोदामांची मोठी वस्ती वारंवार लागणाऱ्या आगींसाठी ओळखली जाई. फेब्रुवारी २०२५ मध्ये महानगरपालिकेने तेथील हजारो बांधकामे पाडली. गोदामे पाडल्याने भंगार नाहीसे होत नाही. ते अन्यत्र निवडले जाते. तांब्यासाठी वायरी जाळताना निघणाऱ्या धुरात डायऑक्सिने असतात, जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या काचनळीत शिसे असते व सुगंधी फवाऱ्याचा रिकामा वाटणारा डबा उष्णतेने फुटतो.

चऱ्होली व मोशी भागात गृहसंकुले वाढल्यापासून घर रिकामे करून जुने सामान काढून नेण्याचे काम नित्याचे झाले आहे. ते बहुधा भंगारवाला व त्याचे दोन-तीन मदतनीस करतात. शीतकपाट वा लोखंडी कपाट जिन्यावरून एकट्याने उतरविणे हे यातील अपघातांचे ठळक कारण होय. खालच्या बाजूच्या माणसावर सर्व भार येतो. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टस असण्याचा संभव असल्याने ते फोडू नयेत; पाणी मारून अखंड उतरवावे. माळ्यावरील धूळ झाडण्यापूर्वी ओली करावी. लेबल नसलेल्या बाटल्या उघडू नयेत किंवा एकीत दुसरी ओतू नये. स्वच्छतागृहासाठी वापरण्याचे अम्ल व विरंजक चूर्ण एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो. पोते पायाने दाबू नये व पाठीशी टेकवू नये. सुई टोचल्यास जखम पिळू वा चोखू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवावी व त्याच दिवशी रुग्णालयात जावे. एचआयव्ही-प्रतिबंधक औषध शक्य तितक्या लवकर व ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते व ते २८ दिवस घ्यावे लागते. यकृतशोथ-ब वरील लशीच्या तीन मात्रा आरंभी, एका महिन्याने व सहा महिन्यांनी अशा कामास लागण्यापूर्वीच घेणे इष्ट असते.