न ओरडणारा बग

आमच्या धंद्यात सगळ्यात वाईट बग कुठला? प्रोग्रॅम क्रॅश करतो तो नव्हे. तो बिचारा निदान बोंब तरी मारतो. वाईट तो, जो गपचूप चुकीची उत्तरं देत राहतो. पेशी वाढवणाऱ्या प्रयोगशाळांना असा एक बग गेली जवळजवळ सत्तर वर्षं छळतोय. नाव मायकोप्लाझ्मा.

१९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतून घेतलेल्या पेशी बाटलीत वाढू लागल्या. याच त्या 'हेला' पेशी. पुढे त्या जगभर पोचल्या. बाटलीत साधे जिवाणू शिरले तर द्रव गढूळ होतो, लगेच कळतं. शिवाय पेनिसिलिन होतंच, त्यामुळे सगळे निर्धास्त!

१९५६ मध्ये रॉबिन्सन, विकेलहाउसेन आणि रॉइझमन यांनी हेला पेशींत मायकोप्लाझ्मा सापडल्याचं जाहीर केलं. पेनिसिलिन जिवाणूची भिंत बांधू देत नाही. याला मुळात भिंतच नाही, मग ते बिघडवणार काय? अंगाने इतका बारीक आणि लवचिक की जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतूनही निसटतो. आणि द्रव? अगदी नितळ.

मग पकडायचा कसा? आगरवर वाढवला तर तळलेल्या अंड्यासारख्या वसाहती दिसतात. पण त्याला चार-चार आठवडे लागतात आणि काही प्रकार तिथे उगवतच नाहीत. १९७७ मध्ये टी. आर. चेन यांनी डीएनएला चिकटून चमकणारा होएक्स्ट ३३२५८ हा रंग वापरला. स्वच्छ पेशीत फक्त केंद्रक चमकतं. इथे आजूबाजूलाही ठिपके! नव्वदच्या दशकात पीसीआर आलं आणि काम काही तासांवर आलं.

म्हणजे प्रश्न सुटला? छे! २०१५ मध्ये ओलारेरिन-जॉर्ज आणि होगेनेश यांनी आरएनए सीक्वेन्सिंगचा सार्वजनिक डेटाच चाळला. ८८४ प्रयोगमालिकांपैकी ११ टक्क्यांत मायकोप्लाझ्माचे तुकडे निघाले. हा पाहुणा पेशींचं अन्न खातो, त्यांची जनुकंही वेगळी वागायला लावतो. म्हणजे 'औषधाचा परिणाम' म्हणून मोजलेलं कदाचित याचंच काम असतं.

मला यात खरा दोषी वाटतो तो सवयीने घातलेला अँटिबायोटिकचा थेंब. तो ओरडणारे जिवाणू मारतो आणि मुका तेवढा शिल्लक ठेवतो. आमच्याकडचा एरर गिळून टाकणारा रिकामा कॅच ब्लॉक हेच करतो की! म्हणूनच जाणकार सांगतात, रोजच्या बाटलीत अँटिबायोटिक नको आणि टेस्ट मात्र ठरल्या दिवशी झालीच पाहिजे, बाटली कितीही नितळ दिसो.